ही आपलीच

आई, गेल्या महिन्यात माझ्या तोंडून तुझा आवाज आला, म्हणून लिहायला बसले. निवृत्तीनंतर यांना अंगणात कोंबड्या पाळायची हौस आलीय. इथं सोलापुरात सात रस्त्याजवळ एक जण टोपलीत पिलं घेऊन बसला होता. "सगळी गावरानच हायत की, बिनघोर न्या," म्हणाला. घरी आणून खोक्यात सोडली तेव्हा कळलं, सगळी सरमिसळ आहे. हे एकेक पिलू माझ्या तळहातावर ठेवत होते आणि मी सांगत होते. पाठीवर खारीसारखे पट्टे, ही गावरान. चोच, पाय, नखंसुद्धा काळी, हा कडकनाथ. जाड पायांची, पिवळी, सुस्त, ही ब्रॉयलर. मग एक पिलू आलं, त्याची मान राहून राहून मागं कलत होती. "ही कुठली जात?" यांनी विचारलं. "ही आपलीच," मी म्हणाले. हे हसले. मला मात्र मागं वळून बघावंसं वाटलं आणि वळायचा धीर होईना.

मोडनिंबच्या घरी सायकलवाला पिलं आणायचा, गुलाबी नि हिरव्या रंगात बुडवलेली. मी गुलाबीसाठी हट्ट करायचे. तू चुलीपुढं बसून एकेकाच्या लवेवर हळूच फुंकर मारायचीस, की मुळाशी खरा रंग दिसायचा. "रंगावर जाऊ नगंस. पाय बघ, चोच बघ. रंग काय, आठ दिसांत जातोय." लांब तंगड्यांचा, झुंजीच्या जातीचा असील तू आधी वेगळा काढायचीस, थोरला झाला की बाकीच्यांना टोचून काढील म्हणून. भराभर जाती सांगत जायचीस. पण एखाद्या पिलापाशी थांबायचीस. त्याला उलटं करून तळपाय बघायचीस आणि आवाज खाली यायचा, "ही आपलीच." त्याला चुलीजवळच्या भुशाच्या डब्यात ऊब मिळायची, चोचीला गुळाच्या पाण्याचा थेंब मिळायचा. सकाळी डबा रिकामा असायचा आणि तू भांडी घासताना मान वर करायची नाहीस. मी लहान होते, पण एवढं समजले होते, की जे राहणार त्याला जात असते आणि जे जाणार ते आपलं असतं.

माझी पहिली मुलगी सोलापुरात झाली, दिवस भरायच्या आधीच. तू एसटीनं आलीस. खाटेभोवती सासूबाई आणि नणंद बसल्या होत्या. नाक बापाचं, कपाळ आत्याचं, असं चाललं होतं. मी आनंदात होते. "आई, तू सांग की, कुणावर गेलीय?" तू तिला घेतलंस. दुपटं बाजूला करून तिचं पाऊल तळहातावर ठेवलंस आणि बघत राहिलीस. नणंद अजून हसतच होती. मग पाऊल झाकून तू म्हणालीस, "ही आपलीच." आणि तिला छातीशी इतकं घट्ट धरलंस, की नर्स ओरडली, "अहो आजी, श्वास घेऊ द्या तिला!" मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. आठवड्याच्या आत ती गेली.

त्यावर आपण कधी बोललो नाही. पुढं माझे दोन्ही मुलगे झाले तेव्हा तू आलीस, शेगडी पेटवलीस, शेक दिलास, पण बारसं होईपर्यंत त्यांना मांडीवर घेतलं नाहीस. कंबर दुखतीय म्हणालीस. मला वाटतं, तुलाही तुझ्याच तोंडाची भीती वाटत होती.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझ्या पायांना तेल चोळत होते. घरात दोघीच होतो. धीर करून विचारलं, "आई, माझ्या पोरीचं तुला तवाच कळलं हुतं का गं?"

"कशाचं?" म्हणालीस. मग म्हणालीस, "पिलं झाकलीस का?"

घरात कोंबड्या राहिल्या नव्हत्या, त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"व्हय, झाकली," मी म्हणाले. तू डोळे मिटलेस.

ते मान टाकणारं पिलू मी बल्बखाली ठेवलं, ड्रॉपरनं पाजलं. "जीव लावू नकोस, जाईल ती," हे म्हणत होते. ती गेली नाही. आता मान सरळ झालीय, पंखांवर पिसं आलीत, दाण्यासाठी दुसऱ्यांना ढकलते. पण तिची जात मला अजूनही ओळखता येत नाही. पाय एकीचे, चोच दुसरीची. मग मनात आलं, आई, ज्याची जात ओळखू येत नव्हती त्यालाच तू आपलं म्हणत असशील. तेवढंच असेल. बाकीचं सगळं मीच जोडलं असेल. या विचारानं एक दिवस हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझा तो चेहरा दिसला, पोरीचं पाऊल तळहातावर घेतलंस तेव्हाचा.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. अंड्यांसाठी आणखी पिलं आणू या, असं यांना सांगत असते. ते खोटं आहे. पिलू तळहातावर घेतलं, की तू माझ्या पाठीशी येऊन उभी राहतेस. मला भीती वाटते. तरी परवा भाजीची पिशवी घेऊन मी सात रस्त्याला जाऊन आले. तो पिलंवाला आला नव्हता, आणि मी बराच वेळ तिथंच उभी होते.