भरून कोण देणार?

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला आणि आतोबांनी खोकल्यावर स्वतः शोधलेला उपाय, या दोहोंपैकी जे अजून चालू असेल ते लवकर थांबो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून ते वाक्य तुम्ही खोडलंत तरी माझी हरकत नाही. खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो" म्हणते, आणि आपल्या जिन्यामुळे वर बोललेलं सगळं खाली दुकानात ऐकू जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून हे पत्र. बसून वाचा.

आत्या, आई विध्वंस करते आहे. रोज दुपारी, दुकान जेवणासाठी बंद झालं की, भांडी घासून आणि ओटा पुसून झाल्यावर.

याला कारण मी आहे, आणि माझं शिक्षण. वाचनालयात दर महिन्याला एक व्याख्यान असतं आणि या वेळी तिथल्या चिटणीसांनी मला विचारलं. (आपल्या घरातून पदवी घेतलेली पहिलीच व्यक्ती म्हणून मी समाजाचं काही देणं लागते, असं मी त्यांना एकदा बोलून गेले होते. ते त्यांनी लक्षात ठेवलं.) मी विषय घेतला: "विध्वंसाचे खेळ, रिकाम्या मनाचा आजार". हे खेळ तुम्ही पाहिले नसतील, म्हणून सांगते. टीव्हीच्या पडद्यावर एक अख्खं शहर असतं. रस्ते, पूल, पेट्रोलपंप, दुकानं, सगळं. त्यात आपल्याला मोकळं सोडून देतात. एखादी कामगिरी सांगितलेली असते, पण ती कोणी करत नाही. लोक मिळेल ती गाडी घेतात आणि दिसेल ते पाडत सुटतात. लाखो लोक, चांगल्या घरचे लोक, तासन्‌तास हे करतात. का करतात, हा माझा प्रश्न होता. उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त पुरावा हवा होता. त्यासाठी मैत्रिणीकडून ते यंत्र आणलं आणि स्वतः एकदाच खेळून पाहिलं. (एकदाच म्हणजे एका बैठकीत. बैठक लांबली. त्या शहरात एक विद्यापीठ होतं, त्याच्या फाटकापाशी मी बराच वेळ रणगाडा घेऊन उभी होते. मग परत फिरले. माझी निकालाची गुणपत्रिका अशाच एका फाटकातून तीनदा चुकीची आली होती, हे मनात आलं, पण मी परत फिरले.)

आता प्रयोगासाठी मला असं एक माणूस हवं होतं की ज्याच्या मनात मोडतोडीचा अंशही नाही. असं माणूस या खेळाकडे पाच मिनिटांत पाठ फिरवतं, हे मला व्याख्यानात सांगायचं होतं. आत्या, तुम्हीच सांगा, मी आईला सोडून कोणाला बसवणार होते?

आपलं घर तुम्हाला वेगळं सांगायला नको. खाली कपबश्यांचं दुकान, वर आपण, आणि दुकानात मावत नाही तो माल आपल्यासोबत. जिन्यात बरण्या, माझ्या पलंगाखाली काचेच्या सुरया, बाबांच्या उशाशी डिनर सेट. आजोबांनी रंगवून घेतलेली पाटी, "हात लावण्यापूर्वी विचारा, फुटल्यास भरून द्यावे लागेल", ती जुनी झाल्यावर टाकवेना म्हणून वर स्वयंपाकघरात लावली. मी तिच्याखाली लहानाची मोठी झाले. आपल्या घरात कोणी धावत नाही, कोणी वळून बघत नाही, आणि सगळे कोपरं अंगाला चिकटवून चालतात. मी पहिल्यांदा धावले ती शाळेच्या मैदानावर, शर्यतीत, आणि तिथेही कोपरं आवळूनच. सरांनी विचारलं, तुला थंडी वाजते का. बाबा म्हणतात, आमची ताई तिकडे एवढ्या मोठ्या मोकळ्या घरात राहते, पण अजून तशीच चालते. (हे त्यांनी मायेने म्हटलं होतं.) आणि आपल्या सगळ्यांत आई पहिली. ती दार असं लावते की दारालाही कळत नाही. प्रत्येक नव्या कपाला टिचकी मारून तडा आहे का ते ऐकते आणि ठेवताना त्याला जणू झोपवते. इतक्या वर्षांत तिच्या हातून काही फुटलेलं मी पाहिलेलं नाही.

तर मी तिला सोफ्यावर बसवलं. तिने आधी ते हातात धरायचं बटणांचं खेळणं फडक्याने पुसलं. मग एक साधी गाडी घेतली आणि लाल सिग्नलला थांबली. मी सांगितलं, आई, इथे थांबावं लागत नाही. ती म्हणाली, तुला नसेल लागत. सिग्नल सुटला, ती हळूहळू निघाली, उजवीकडे वळताना दिवा लावला. मी वहीत लिहिलं, "अपेक्षेप्रमाणे". एवढ्यात रस्त्याच्या कडेला एक दुकान आलं. मोठी काच, आत मांडणीवर कपबश्या, सुरया, फुलदाण्या. आईने गाडी थांबवली.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणाचंच नाही, चित्र आहे.

"मग फुटलं तर भरून कोण देणार?"

"कोणीच नाही, आई."

"नीट बघून सांग."

मी नीट बघून सांगितलं. आईने गाडी मागे घेतली. मला वाटलं, वळवते आहे, घरी निघाली. आत्या, ती धाव घ्यायला मागे गेली होती.

पुढचं मी पाहिलं ते माझ्या डोळ्यांनी, म्हणून विश्वास ठेवा. काच गेली, मांडणी गेली, फुलदाण्या गेल्या, आणि आई गाडीसकट दुकानाच्या मागच्या भिंतीतून पलीकडच्या गल्लीत निघाली. चेहरा तसाच, भाजी निवडताना असतो तसा शांत. मी वहीत काहीच लिहू शकले नाही. ती गल्लीला वळसा घालून परत त्याच जागी आली, बहुधा काय झालं ते बघायला, तर दुकान जसंच्या तसं उभं. या खेळात असंच असतं, आपण जरा लांब जाऊन आलो की मोडलेलं सगळं पुन्हा जागेवर. आई कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी काही बोललंसुद्धा नाही." आणि पुन्हा गाडी मागे घेतली.

तेव्हापासून हे रोज चाललं आहे. एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी, ती माणसांना धक्का लावत नाही. आधी हॉर्न वाजवते, लोक बाजूला होईपर्यंत थांबते आणि मगच पाडते. पहिल्यांदा पोलीस आले तेव्हा ती गाडीतून उतरून निमूटपणे उभी राहिली. दुसऱ्यांदा त्यांनी हेलिकॉप्टर आणलं, तेव्हा मात्र तिला राग आला. आपल्या दुकानात चोरी झाली तेव्हा हे लोक कुठे होते, असं तिने मला विचारलं, जणू मीच त्यांना पाठवलं होतं. आता ती पुलाखालच्या रस्त्याने निसटते.

बाबांना मी सांगणार नव्हते. पण परवा ते दुपारी चष्मा विसरला म्हणून वर आले. आई तेव्हा क्रेन चालवत होती. बाबा दारातच थबकले, मग कडेकडेने येऊन माझ्याजवळ बसले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुम्ही त्यांना ओळखता, ते ग्राहकाला भाव सांगतानाही माफी मागितल्यासारखा सांगतात. ते पडद्याकडे जरा पुढे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "उजवीकडचं शोकेस राहिलं." आई म्हणाली, दिसतंय मला. चष्मा न घेताच ते खाली गेले.

इथपर्यंत मी सहन केलं. मुख्य धक्का पुढे आहे.

आपल्याकडे एक छत्रीवाल्या बाई येतात. पाऊस असो नसो, छत्री काखेत आडवी, तिचं टोक मागे, आणि बाई सारख्या वळतात. त्या आल्या की आई टोकामागे तळवा धरून फिरते. बाई सगळे सेट खोक्यांतून काढायला लावतात, पेंढा दुकानभर होतो, प्रत्येक बशी उलटी करून खालचा शिक्का वाचतात, आणि शेवटी चहाची एक गाळणी घेऊन जातात. या मंगळवारी त्या आल्या. सगळं उघडून झाल्यावर म्हणाल्या, तुमच्याकडे पूर्वीसारखा माल राहिला नाही, तुमचे सासरे होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. आईच्या हातात तेव्हा काचेचं मोठं वाडगं होतं. तिने हात लांब केला. वाडगं फरशीच्या वर, हवेत. बाबांच्या हातातली दोरी गळाली. मी जिन्याच्या पायरीवरून बघत होते. आई त्या वाडग्याकडे अशी बघत होती, जशी त्या पहिल्या दिवशी दुकानाच्या काचेकडे बघत होती. मग तिने टिचकी मारली, वाडगं छान वाजलं, आणि तिने ते जागेवर ठेवलं. बाईंनी त्या दिवशी गाळणीही घेतली नाही.

आता यंत्र शनिवारी परत द्यायचं आहे. मैत्रिणीने दोनदा मागितलं. ते गेलं की पाडायला चित्रातलं शहर उरणार नाही, फक्त आपलं दुकान उरेल. बाबांना याचीच धास्ती आहे. ते वाडगं त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं आहे, आणि आई दिसली की त्याकडे बघतात. मला तर वाटायला लागलं की एका व्याख्यानासाठी मी माझी आई बिघडवली. शेवटी तिला सरळ विचारलं, यात तुला काय आवडतं. ती म्हणाली, आवाज सोडून सगळं. खेळातला आवाज खोटा आहे म्हणे, खिडकीच्या काचेचाच आवाज त्यांनी कपालाही लावला आहे. मग मी विचारलं, खरा आवाज तर दुकानात अधूनमधून ऐकतेसच की, कधी हमालाकडून, कधी गिऱ्हाइकाकडून. तर म्हणाली, "त्यात किंमत ऐकू येते गं. नुसतं फुटलेलं कधी ऐकलंच नाही. माझ्या हातून एकदाच फुटला, तेव्हा तुझी आत्या ओरडली."

तो कप कोणता, हे मला विचारावं लागलं नाही. आजोबांनी न विकता ठेवलेला निळ्या रेघेचा सेट. आई नवी नवरी, आतोबांच्या घरची मंडळी तुम्हाला बघायला आलेली, आणि चहा देताना कप निसटला. उरलेले तुम्ही लग्नानंतर घेऊन गेलात. आम्ही तुमच्याकडे आलो की तुम्ही त्याच कपांतून चहा देता आणि ट्रे ठेवताना म्हणता, "बारा होते." रागाने नाही म्हणत, मला माहीत आहे. पण मी तेव्हा आईकडे कधी बघितलं नव्हतं. एवढी पदवी घेतली, लोकांचं निरीक्षण करायला शिकले, आणि मी प्रत्येक वेळी बिस्किटाकडे बघत होते.

तर आत्या, घरातलं मोठं माणूस म्हणून तुम्ही शनिवारच्या आत या आणि आईला चार शब्द सांगा. बाबांचं ती ऐकेल, पण बाबा सांगणार नाहीत. माझं तर तोंडच नाही. आतोबांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक,
भाची

ता. क. चार शब्द कोणते, हे लिहायचं राहिलं. "कपाचं राहू दे आता." एवढेच सांगा, जास्त नकोत.

ता. क. व्याख्यानाचं शीर्षक मी बदलायला सांगितलं आहे. आईचं मन रिकामं नाही, पेंढा भरून गच्च बांधलेलं आहे. चिटणीस विचारत होते, नवं शीर्षक काय. सुचलं की कळवते म्हटलं.

ता. क. येताना ते अकरा कप घेऊन या. कागदात गुंडाळायचा त्रास घेऊ नका, तसेच पिशवीत टाका. त्या एका कपाचं आई इतकी वर्षं भरून देते आहे, माझ्या मते त्यात बाकीचे अकराही येऊन जातात. गच्ची मी झाडून ठेवते. पायात चपला असू द्या.

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र आईच्या हाती लागलं. तिने सगळं वाचलं, टिचकी मारून पाहावं तसं एका बोटाने कागदावर वाजवलं, आणि म्हणाली, अकरा मला एकटीला फार होतील, वन्संनाही लागतील. बाबांनीही खालून जिन्यातून सांगितलं की त्यांना एक हवा आहे. पण पहिला तुम्ही सोडायचा आहे, कोपरं न आवळता.