जावई एका फाटकात, आरती दुसऱ्यात

खामला, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७९

रा. रा. साडभाऊ नत्थूजी यांस,

मनोहररावचा रामराम. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमचा खोकला बसला असेल अशी आशा करतो (कोराडीच्या वीजकेंद्राची राख आणि तुमची विडी, दोघींपैकी एक तरी सोडा). कौशल्याताईंना आमच्या सौ. शामलेचा नमस्कार सांगावा.

आमचे जावई चंद्रभान रुसून तुमच्या क्वार्टरवर येऊन बसले आहेत, हा तुमचा निरोप मिळाला. रुसायलाही त्यांनी सासरचंच घर निवडलं, हे त्यातल्या त्यात बरं. पण विमानतळावर आपल्याला घ्यायला कुणीच आलं नाही असं ते सांगत असतील, तर ते अर्धंच खरं आहे. आम्ही गेलो होतो. हार, पेढे, आरतीचं ताट, सगळं घेऊन गेलो होतो.

दिवाळीपासून आमची गोपिका माहेरी आहे, हे तुम्ही जाणताच. चहा गार झाला म्हणून चंद्रभान तिला पाहुण्यांदेखत बोलले, आणि नंतर ‘चुकलं’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना, म्हणून ती मुंबईहून निघून आली. आता ते स्वतः न्यायला येणार, तेही विमानानं (भाडं कचेरीचं, रुबाब स्वतःचा), तेव्हा माझ्या आत्याबाई प्रयागबाई खास रामटेकहून आल्या. लग्नात त्या आजारी होत्या, त्यामुळे जावई त्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्याला विमानाच्या पायरीशीच ओवाळायचं, असं त्यांनी ठरवलं.

आपल्या विमानतळाची धावपट्टी एक, पण बाजू दोन : एक तुमच्या-आमच्यासाठी, दुसरी फौजेसाठी. रिक्षावाल्यानं आम्हाला फौजेच्या फाटकाशी उतरवलं. तिथे कुणी मोठे साहेब येणार म्हणून बऱ्याच बायका ताटं घेऊन आत निघाल्या होत्या. आमच्याही हातात ताट. आम्ही त्यांच्यातलेच, असं पहारेकऱ्याला वाटलं, आणि इथली व्यवस्था फारच चांगली आहे, असं मला वाटलं.

विमान उतरलं. पहिले उतरले ते गणवेशातले, उंचेपुरे, मिशीवाले. ‘हे आपले नव्हेत’ असं मी म्हणेपर्यंत आत्याबाई पुढे झाल्या होत्या. “वाका जी बापू,” म्हणून त्यांनी साहेबांना वाकवलं, कुंकू लावलं, पेढा कोंबला, आणि तो तोंडात असतानाच सुरुवात केली, “पोरगी दिवाळीपासून रडून राहिली. कपभर चहासाठी बायकोले लोकांत असं बोलते का कोणी? काहून बोलला गा तू?” (जावयाला एकेरी! मी डोळे मिटून घेतले.)

साहेबांनी पेढा गिळला, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाले, “गलती हो गई, माताजी. फिर नहीं होगी.” (त्यांच्या स्वतःच्या बाईसाहेब ताट घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, की चहा त्यांच्याही घरी गार होतो.)

माझ्यामागे गोपिका उभी होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि अशी हसली की शामलेला तिला धरून बाहेर आणावं लागलं. मग उलगडा झाला. साहेब भला माणूस. जीप देऊन त्यांनी आम्हाला पलीकडच्या बाजूला पोचवलं. तोवर जावई निघून गेले होते.

तरी त्यांना समजावून इकडे पाठवावं, ही विनंती.

आपला,
मनोहरराव

ता. क. पाठवण्यापूर्वी ‘चुकलं माझं’ एवढं त्यांच्याकडून घोटवून घ्यावं. गोपिका म्हणते, ज्याचा काही संबंध नाही तो माणूस एका दमात बोलून गेला.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच चंद्रभान स्वतःच दारात आले. गोपिकेनं त्यांना साहेबांचा सगळा किस्सा सांगितला. नीट ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे माफी मागून झालीच आहे ना?” सबब ते संध्याकाळच्या बसनं तुमच्याकडे परत येत आहेत. गादी गुंडाळली असल्यास पुन्हा घालावी. हे पत्र त्यांच्याच हाती देत आहे. सोबत गोपिकेनं डबा दिला आहे. दिला आपटूनच, पण आत भरली वांगी आहेत आणि ती त्यांच्या फार आवडीची आहेत. तुम्ही हात लावू नये.