ओकुदानीचं आठवं घर

१२ जानेवारी, रविवार
पोचले एकदाची! सकाळी टोकियोतल्या घरून, निशी-कसाईहून निघाले. आधी शिंकान्सेन बुलेट ट्रेन, मग दोन डब्यांची गाडी, मग बस. शिराकुरा गाव सातशे मीटरवर, अरुंद खोऱ्यात वसलंय. पश्चिमेला तीन हजार मीटरची डोंगररांग भिंतीसारखी उभी. समुद्रावरून येणारे ढग तिला अडतात आणि महिनोन्‌महिने बर्फ पडतो. गावाच्या पाच वाड्यांसाठी हिमस्खलनाचा नकाशा करायचाय, दोन महिन्यांत. पीएच.डी.ची सगळी वर्षं डोंगर कागदावरच पाहिले. आता खिडकीतच आहेत. घरमालकीण मारुयामा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्याच राहतात. आल्याआल्या त्यांनी पाल्याचं लोणचं आणून दिलं. रात्री नवऱ्याशी बोलले; मग विनायकनं फोन लेकीकडे, यामिनीकडे दिला. बर्फ केवढा, असं तिनं जपानीतच विचारलं. तुझ्या डोक्याच्याही वर, म्हटलं.

१५ जानेवारी, बुधवार
चार वाड्या झाल्या. नगरपालिकेचे ताकिझावा-सान बरोबर होते. राहती घरं मोजली, छपरांवरचा बर्फ मोजला. पाचवी, सगळ्यात वरची ओकुदानी. तिथे जायची गरज नाही म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी वरून बर्फ कोसळला, माणसं गेली. तेव्हापासून तिथे कुणी राहत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
ड्रोनचे फोटो आले. ओकुदानीत आठ घरं. सात छपरांवरचा बर्फ नीट उतरवलेला, दारापर्यंत वाटा खणलेल्या. ताकिझावा-साननी पाहिलं, सावली असेल म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. माझा लॅपटॉप.

२० जानेवारी, सोमवार
दुपारी एकटीच वर गेले. पहिल्याच घराचं दार उघडं. आत माझ्याच वयाची एक बाई, सुती कपड्यांत. चूल नाही, हीटर नाही. थंडी वाजत नाही का, मी विचारलं.
"आता नाही," ती म्हणाली आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे हात गार नव्हते, गरमही नव्हते. घरी कोण कोण असतं, तिनं विचारलं. मी सांगितलं. का सांगितलं?

२१ जानेवारी, मंगळवार
उजवा हात बधिर. चहाचं उकळतं पाणी सांडलं, फोड आला, मला कळलंच नाही. दवाखान्यात म्हणाले, हिमदंश नाही. काय आहे ते मात्र बोलले नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार
मारुयामा-साननी फोड पाहिला आणि मागे सरकल्या. मग दारातूनच सांगितलं. त्या वर्षी त्यांचा नवरा प्रेतं काढायला वर गेला होता. असाच बधिर होऊन परतला. आल्याआल्या त्यानं मुलीचा हात धरला. वसंत यायच्या आत दोघं चालत वर निघून गेली.
"कश्मिरा-सान, कुणाचाही हात धरू नका," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.
त्यांना माझी भीती वाटते. मलाही वाटायला हवी. वाटत नाही.

२५ जानेवारी, शनिवार
दोन्ही हात. आता पावलंही.
नवा फोटो. आठवं छप्पर साफ.
विनायकचा मेसेज — उद्या आम्ही दोघं येतोय, साडेबाराची बस. येऊ नका, एवढंच लिहायचंय. फोनला माझं बोट लागत नाही. काचेवर फिरतं, काही उमटत नाही. तो फोन करतोय. उचलता येत नाही.
मारुयामा-सान दार उघडत नाहीत. शनिवार, नगरपालिकेचं कार्यालय बंद.
यामिनीचा चेहरा आठवून पाहिला. काहीच —

२६ जानेवारी, रविवार
बसथांबा. पेन रुमालानं मुठीला बांधलंय. जीभ हलत नाही. म्हणून इथेच मोठ्या अक्षरांत लिहिते, वही वर धरेन —
विनायक, परत जा. यामिनीला उतरवू नकोस.
बस आली.
तीच आधी उतरली. हातमोजे काढून धावत — तिला देवनागरी वाचता येत नाही — जपानीत लिहायला हवं — बाळा, माझा हात धरू