पडघ्याचा भाचा

२ जून, दुपारी

आजपासून रोजनिशी. प्रितेशने त्याचा जुना फोन मला दिला. माईकवर बोट ठेवायचं नि बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीखही तोच टाकतो. मला वाचता येत नाही, म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

पहिला निश्चय. क्रिकेटवर एक शब्द बोलायचा नाही. सिझन संपला. आता दिवाळीनंतर भात कापून शेतं मोकळी होईपर्यंत आमच्या शेलार गावात कुणी बॅट उचलणार नाही. आपणही जीभ उचलायची नाही. थकले मी या खेळाने.

फक्त फायनलचं एकदा सांगून टाकते, म्हणजे डोकं रिकामं होईल. शेवटचा बॉल. प्रितेश, माझा नातू, आमच्या गावचा किपर. मी नेहमीसारखी बरोबर त्याच्या पाठीमागे, बाउंड्रीला खुर्ची टाकून. प्रत्येक बॉलला मी त्याला मागून सांगत असते, माझ्याशिवाय त्याचे हात चालत नाहीत. मी ओरडले, डावीकडे. तो डावीकडे गेला. बॉल उजवीकडे गेला. चार बाय, कप गेला. माझं सांगणं बरोबरच होतं. बॉल चुकीचा गेला.

झालं. विषय संपला.

३ जून

निश्चय मोडला, पण माझ्यामुळे नाही. शेजारची बायजाबाई ओट्यावर येऊन टेकली. तिचा भूपेश आमच्या टीमचा कॅप्टन, म्हणून आतल्या बातम्या तिच्याकडे आधी. म्हणाली, पोरं देवळाच्या मंडपात बसून ठरवतायत, किपर बदलायचा. पडघ्याचा विशाल इकडे घ्यायचा, प्रितेश तिकडे द्यायचा. वर म्हणते, जानकीकाकी, नातू तुझा गुनी हाय, पन हाताला तेल लावून उभा ऱ्हातो का गं.

मी म्हटलं, तुझा भूपेश बॉल टाकतो तो कावळ्याला घास टाकल्यासारखा, तो आधी बघ.

ती चहा न पिता गेली. चहा वाचला.

८ जून

झोप दुपारचीही लागत नाही. सगळं नीट मांडून ठेवते.

आमच्या स्पर्धेत बाहेरचा खेळाडू चालत नाही. गावचा पोरगा पाहिजे, नाहीतर गावचा भाचा. म्हणजे ज्याची आई शेलारची लेक, तो शेलारकडून खेळू शकतो. एका सिझनला एकच गाव. माझी सून निशा पडघ्याची, म्हणून प्रितेश पडघ्याचा भाचा. ती मुलगी पसंत करायला मीच गेले होते, पोहे खाऊन हो म्हणून आले. तेव्हा कुठे माहीत, की मी सून आणत नाही, किपर देतेय.

आता विशाल. त्याची आई बेबी शेलारची लेक. पण लहान असतानाच ती मामाकडे गेली, वाढली तिकडे, लग्नही मामाच्या दारातून झालं. त्यामुळे स्पर्धेची कमिटी म्हणते, ही शेलारची कशावरून. कुणीतरी जुनं माणूस सांगेल तरच विशालला भाचा धरू.

जुनं माणूस म्हणजे मी. बाकीच्या म्हाताऱ्या एकतर वर गेल्या, नाहीतर त्यांना स्वतःची लेकरं ओळखू येत नाहीत.

तर माझा डाव असा. विचारलं की म्हणायचं, आठवत नाही. एवढंच. विशाल भाचा ठरत नाही, अदलाबदल होत नाही, प्रितेश स्टंपमागेच राहतो. ज्यात काहीच करायचं नसतं असा डाव. माझ्या गुडघ्यांना शोभणारा.

१९ जून

डाव आहेच, तरी तयारी हवी. प्रितेशची प्रॅक्टिस सुरू केली. मी ओट्यावरून कांदे फेकते, तो अंगणात झेलतो. बरेच झेलले. जे सुटले ते कांद्यांच्या आकारामुळे. नाशिकचे कांदे हल्ली एकसारखे येत नाहीत.

निशा म्हणाली, आई, ठेचाळलेले कांदे मी कुणाला घालू. मी म्हटलं, तुझ्या माहेरी पाठव, त्यांना आमच्याकडचं सगळंच पाहिजे.

ती हसली नाही. मला वाटतं तिचा जीव दोन्ही गावांत अडकलाय.

४ जुलै

लाईट नाही. शेजारचे कापडाचे लूम बंद पडले की गाव बहिरं झाल्यासारखं वाटतं. प्रितेश गोदामात ड्युटी करून आला, पाय धुऊन जेवायला बसला. मी त्याला सांगितलं, काळजी करू नको, तुला मी कुठे जाऊ देत नाही. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे ना आजे.

लाजतो. आजीने एवढं करावं हे त्याला जड जातं.

केसरीनाथ, म्हणजे त्याचा बाप, म्हणाला, आये, पोराला जाऊ दे की एक वर्ष, बघू काय होतं ते. बापाला पोराची किंमत नसते. मला माझ्या पोराची आहे, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. जेवण झाल्यावर बोलले.

२२ जुलै

भूपेशच्या ग्रुपवर पोरं दिवसभर बोलून पाठवतात. बायजाबाई फोन माझ्या कानाशी धरते, मुद्दाम. एक म्हणतो किपर हातांनी होत नाही, पायांनी होतो. दुसरा म्हणतो विशाल स्टंपला चिकटून उभा राहतो, फलंदाजाला श्वास घेऊ देत नाही. तिसरा म्हणतो प्रितेशचे हात चांगले आहेत, डोकं बाहेर असतं, सारखा मागे बघतो.

मागे बघतो ते मला बघतो. आधार लागतो त्याला. हे या पोरांना कोण सांगणार.

भूपेशने शेवटी सगळ्यांना दम दिला, जेवढं तोंड चालवता तेवढं पळालात तर किपरच लागणार नाही. पोरगा आईपेक्षा शहाणा निघाला.

३० जुलै

निजामपुऱ्याला गोधडीसाठी कापड घ्यायला गेले. दुकानदारानेही विचारलं, चाची, इस साल कीपर कौन. मी म्हटलं, वही. तो म्हणाला, फिर तो मुश्किल है. मी दुसऱ्या दुकानात गेले. कापड महाग पडलं, पण स्वाभिमान.

१७ ऑगस्ट, सकाळी

आज मंडपात बैठक. कमिटीची माणसं येणार, पडघ्याची येणार. मला बोलावलंय. नवी साडी काढली. निश्चय पक्का, आठवत नाही. तीन वेळा आरशात म्हणून बघितलं. चौथ्यांदा काय म्हणायचं तेच आठवेना, म्हणजे तयारी चांगली झाली.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी

जिंकले.

मंडप भरला होता. कमिटीवाल्याने विचारलं, बेबी शेलारची लेक आहे का. मी म्हटलं, आठवत नाही बाबा, वय झालं. भूपेशने कपाळाला हात लावला. डाव बसला होता.

मग पडघ्याचा चांगदेव उठला. माझ्याहून जरासा लहान, टोपी मात्र मोठी. म्हणाला, सोडा हो, शेलारच्या म्हाताऱ्यांना कवा काय आठवलंय. आमच्या पडघ्यात विचारा, सात पिढ्या सांगू. इथं कोन कुनाची तेच म्हाईत न्हाय.

आता हे ऐकून घ्यायचं का. गावाच्या मंडपात, कमिटीसमोर.

मी उभी राहिले. म्हटलं, चांगदेवा, बस खाली. बेबीच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणीला हाक मारायला मी गेले. बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. बेबी ही तिच्या बापाची लाडाची हाक, पाळण्यातलं नाव वेगळं होतं, तेही सांगते, हिराबाई. तिचा आजा शेलारचा, पणजा शेलारचा, पणज्याची आई तेवढी तुमच्या पडघ्याची, म्हणून त्या घरात जरा विसराळूपणा आला. मंडप हसला. कुणीतरी म्हणालं, पुरावा. मी म्हटलं, चला. काठी घेतली नि सगळ्यांना घेऊन निघाले. त्या घराच्या मागे, जिथे आता गोदामाची भिंत आली आहे, तिथे तिची नाळ पुरली होती ती जागा दाखवली. तिथे माझ्याच हातचं लिंबाचं झाड आहे. चांगदेवने टोपी काढली. कमिटीवाल्याने माझ्या पाया पडून सांगितलं, आजी, तुमच्यापुढे प्रश्नच नाही.

घरी आले तेव्हा अंगातला ताप उतरल्यासारखं बरं वाटत होतं. निशाने चहा ठेवला, विचारलं, कोण जिंकलं. मी म्हटलं, मी. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, म्हणजे विशाल शेलारचा भाचा ठरला ना, आई.

चहा गार झाला.

१८ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. हे सगळं मी मुद्दामच केलं. विशाल येऊ दे. दोन मॅचमध्ये गावाला कळेल काय गमावलं. मग प्रितेशला हातापाया पडून परत आणतील. लांबचा डाव आहे, लगेच कुणाला समजायचा नाही. मलाही रात्रभर समजला नव्हता.

बायजाबाई पेढे घेऊन आली होती. एक खाल्ला. गोड जास्त.

१५ ऑक्टोबर

नावं नोंदवली गेली. विशाल शेलारकडून, प्रितेश पडघ्याकडून. पडघेकरांनी त्याला निळा शर्ट पाठवला. तो अंगात घालून आरशासमोर पुढून बघत होता, पाठ वळवून बघत होता. शीळ घालत होता. पोरं दुःख लपवतात ती अशी.

कांदे फेकू का विचारलं. तो म्हणाला, नको आजे, मामाकडे प्रॅक्टिस हाय. मी कांदा परत टोपलीत ठेवला.

२३ नोव्हेंबर, दुपारी

विशाल घरी पाया पडायला आला. सरळ पोरगा आहे, दिसायला बेबीवर गेलाय. मी त्याला लाडू दिला नि सांगितलं, बाळा, घाबरायचं नाही. तुझ्याही मागे मीच बसणार. कुठे जायचं, कधी वाकायचं, सगळं सांगत जाईन.

त्याने लाडू ताटलीत परत ठेवला. म्हणाला, आजी, प्रितेशदादा तर बोललेला, तुम्ही यंदा मागं बसनार न्हाय.

मी विचारलं, कधी बोलला.

तो म्हणाला, फायनलच्या दुसऱ्या दिवशी. फोन त्यानेच केला मला. भूपेशदादालाही त्यानेच विचारलं, अदलाबदल होईल का म्हणून. बोलला, गाव चांगलं, टीम चांगली, फक्त मागून आवाज येतो, मग पुढचा बॉल दिसत न्हाय. आजीला गप बस म्हनता येत न्हाय, म्हनून गावच बदलतो.

मग त्याच्या लक्षात आलं कुणाला सांगतोय ते. कान लाल झाले बिचाऱ्याचे. मी लाडू उचलून त्याच्या हातात दिला. म्हटलं, खा. तुपातला आहे.

पोरं काहीही बोलतात.

२४ नोव्हेंबर

प्रितेशला विचारायचं ठरवलं होतं. तो आला, जेवला, झोपला.

२५ नोव्हेंबर

विचारलं नाही. त्याला ड्युटी होती. मलाही कामं होती.

२६ नोव्हेंबर

निशाला विचारलं, तुला माहीत होतं का. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. केसरीनाथला माहीत होतं का, हे मग विचारलंच नाही.

७ डिसेंबर, संध्याकाळी

आज मॅच होती, शेलार विरुद्ध पडघा. गोदामांमागचं मैदान, माणसांनी भरलेलं. कमिटीच्या पोरांनी माझी खुर्ची नेहमीच्या जागी मांडून ठेवली होती, वर छत्रीसुद्धा. मी ट्रकांच्या बाजूने आत शिरले आणि भजीवाल्याच्या टेम्पोमागे जाऊन उभी राहिले. तेल फार उडत होतं. पण तिथून स्टंप दिसतात, आणि स्टंपवरून टेम्पो दिसत नाही.

पडघ्याची फिल्डिंग. प्रितेश चिकटून उभा. पहिल्या बॉलला माझं तोंड उघडलं. पदर कोंबला. दुसऱ्यालाही. मग हळूहळू कळायला लागलं की तो मागे बघत नाहीये. एकदाही नाही. बॉल येतो, तो जातो, बॉल हातात असतो. मी मनात डावीकडे म्हणायची नि तो उजवीकडे जायचा, आणि बॉलही उजवीकडेच असायचा. असं बऱ्याचदा झालं. पुढे पुढे मी मनातही म्हणायचं सोडलं.

भूपेशने एक बॉल कट केला, कड लागली. प्रितेश लांब झेपावला, जमिनीवर पडला, धूळ उडाली. हात वर आला तेव्हा बॉल त्यात होता. आख्खं पडघा मैदानात धावलं. बायजाबाई कधी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिचा लेक आऊट झाला होता. चिमटा काढायला याहून चांगली वेळ आयुष्यात आली नसती. सोडली. तिने माझ्याकडे बघितलं, भज्यांचा कागद पुढे केला. आम्ही भजी खाल्ली.

शेलार हरलं. विशालने काही वाईट केलं नाही. मी रिक्षा करून सगळ्यांच्या आधी घरी आले, पाय धुतले, पलंगावर पडले.

थोड्या वेळाने प्रितेश आला. निळा शर्ट मातीने तांबडा झालेला, कोपर सोललेलं. माझ्या पायाशी बसला. म्हणाला, आजे, आज आली न्हाईस काय? खुर्ची रिकामी होती. तुझा आवाज न्हाय आला.

मी म्हटलं, नाही रे. गुडघे उठू देईनात.

त्याने गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला. मग म्हणाला, अगं, काय कॅच घेतला मी, तुला सांगू? आणि भूपेशने बॅट उचलली तिथपासून सुरू केलं. उठून दाखवलं, पडून दाखवलं, माती कशी तोंडात गेली ते सांगितलं. बॉल थोडा जास्तच लांब सांगितला.

मी पहिल्यांदा ऐकावं तसा ऐकला. मध्ये एकदा विचारलंसुद्धा, मग सापडला का?