तळाशी बसणारी पूड

७ एप्रिल
पुन्हा बसली! बाटलीत वर टोल्युईनचं नितळ द्रावक, तळाशी पांढरी पूड. म्हणजे सिलिकाच्या, वाळूच्याच जातीच्या, कणांना पॉलिमरच्या साखळ्या लागल्याच नाहीत. लागल्या असत्या तर त्यांनी कणांना एकमेकांपासून लांब ठेवलं असतं आणि बाटली दुधासारखी राहिली असती. गेल्या जुलैत एकदा राहिली होती. त्यानंतर नाही.

सर म्हणाले, "एकदाच जमतं त्याला योगायोग म्हणतात, रोहिणी." बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला.

८ एप्रिल
चांदवडच्या कॉलेजातून फोन. शिकवायची नोकरी पक्की, पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवा. आई म्हणाली, "चालून आलीय तर घे की. मातीला दोऱ्या बांधत किती वर्षं बसणार हायेस?" मातीला दोऱ्या! पीएचडीचं एवढं नेमकं वर्णन सरांनाही जमलेलं नाही.

मला जायचं नाही. पण राहीन म्हणायला हातात काय आहे?

१० एप्रिल
आता आणखी कडक. पूड दोन दिवस ओव्हनमध्ये होती. काचेची भांडी तापवून कोरडी केली. आत पाण्याचा कण जाऊ देणार नाही.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी विहारात वंदना, मग आईबरोबर खीर वाटली. मन लॅबमध्येच होतं, पण गेले नाही. आई खूश. मलाही बरं वाटलं.

१५ एप्रिल
बसली.

त्यात ज्युनिअर तेजलने माझी उरलेली पूड सुट्टीभर टेबलावर उघडी ठेवली, तीही पाण्यावर चालणाऱ्या एअर कूलरसमोर! "ओव्हनमध्ये जागा नव्हती, ताई." वर म्हणते, तीच वापरून बघते. वाट्टेल ते बोलले तिला.

१९ एप्रिल
तेजलची बाटली दुधासारखी पांढरी आहे. माझी नाही — तिची!

साखळ्या नुसत्या चिकटल्या असतील, धुतल्या की निघतील, म्हणून मी स्वतः धुतली. ताजं टोल्युईन घालून हलवायचं, मशीनमध्ये फिरवून पूड खाली आणायची, वरचं ओतून द्यायचं. पुन्हा पुन्हा केलं. पांढरीच. सरळ लिहिते, मत्सर वाटला.

१९ एप्रिल, संध्याकाळी
कूलर! साखळी अडकवायला आधी कणाला एका रेणूचा हूक लावावा लागतो. तो हूक नीट धरायला कणावर थोडा ओलावा लागतो, आणि मी तोच भाजून काढत होते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत! जुलैत हवाच दमट होती. नंतर मी शिस्तीची झाले आणि सगळं बिघडलं. अति तेथे माती.

तेजलला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मग कूलरमध्ये पाणी भरू का?"

२१ एप्रिल
पूड ओलाव्यात मुरली. हूक लावला. उद्या साखळ्या.

२४ एप्रिल
धुऊन बाटली खिडकीत ठेवली. सरांना अजून सांगितलं नाही. बसली तर उद्या चांदवडला हो म्हणायचं, असं ठरवलंय.

२५ एप्रिल
पांढरी!

चांदवडला ‘नाही’ म्हणून कळवलं. आईने कूलरची सगळी गोष्ट ऐकून घेतली. डबा भरताना दोन भाकरी जास्त घातल्या. "त्या कूलरवालीला दे."