जांभळा दोरा

बुधवार, ८ जानेवारी. सकाळी बऱ्यापैकी थंडी होती. अकराच्या सुमारास अलकापुरीच्या ऑफिसातून आपल्याला काम देणाऱ्या कंपनीचा खरेदी बघणारा माणूस आला आणि जळलेली एक कॉइल टेबलावर ठेवून गेला. दुपारी डबा उघडला नाही. संध्याकाळी बायका घरी गेल्यावर ती कॉइल फोडली. आता शेडमध्ये मी एकटीच आहे.

आई,

तू गेल्यानंतर तुला असं कधी लिहिलं नाही. तुलाही पत्रांचं कौतुक नव्हतं. कामाचा कागद असला तरच चष्मा लावायचीस. आज लिहिते आहे, कारण हे विचारण्यासारखं दुसरं कोणी उरलेलं नाही.

तो माणूस वाईट नाही. चहा घेतला, तुझ्या फोटोकडे बघून हात जोडले. मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. टेस्टिंग करताना आपली कॉइल जळाली आणि त्यांच्या माणसाचा तळहात भाजला. हाताला मोठं बँडेज होतं. मी विचारलं, कसा आहे तो. म्हणाला, बरा होईल, पण महिनाभर कामावर नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बेन, तुमच्याबद्दल काही नाही. ज्या बाईनं ही बनवली तिचं नाम आपो, बस. ती आमच्या कामावर नको." शुक्रवारपर्यंत नाव हवं आहे. ते मिळालं नाही तर काय होईल हे तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. आपलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं आहे. तो बोलत असताना सगळी मशीनं चालू होती, पण एकही बाई बोलत नव्हती. आपल्याकडे असं फार कमी वेळा होतं, तुला माहीत आहे.

मला वाडीतलं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. बाबांचं आजारपण लांबलं आणि कारखाना सुटला, तेव्हा तू त्यांच्याच कारखान्याच्या दारात जाऊन काम मागितलंस. आठवड्यात परत आणून देईल अशा समजुतीनं त्यांनी हातानं फिरवायचं जुनं मशीन तुला दिलं. ते तू ओट्यावर पोळपाटाच्या शेजारी ठोकून बसवलंस. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून केसासारखी बारीक तांब्याची तार सोडायची. मशीनला आकडा दाखवायची सोय होती, तरी तू मनात वेढे मोजायचीस. मध्ये मी काही विचारलं तर आधी आकडा मोठ्यानं म्हणायचीस आणि मग उत्तर द्यायचीस. "चारशे दहा. डबा शिंक्यावर आहे. चारशे अकरा." शाळेत मी मैत्रिणींना ही नक्कल करून दाखवायची आणि त्या हसायच्या. वार्निश लावलेल्या कॉइली तू पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून वाळवायचीस. घरात आमटीला फोडणी दिली तरी वास वार्निशचा यायचा. बाबा म्हणायचे, आपल्या घरातले पाहुणे लवकर उठतात, त्याचं श्रेय हिला आहे.

मग गल्लीतल्या बायका कामाला आल्या. पहिली कॉइल बिघडून परत आली तेव्हा प्रत्येकीनं दुसरीकडे बोट दाखवलं. त्याच संध्याकाळी तू मंगळ बाजारातून रंगीत दोऱ्याची रिळं आणलीस. प्रत्येकीला एक रंग दिलास. कॉइल पुरी झाली की शेवटच्या कागदाखाली आपल्या रंगाचा बोटभर दोरा ठेवायचा. बायकांना ते आवडलं नाही. पिवळ्या दोऱ्याची बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "काकी, आता पोलीसचौकी पण इथेच उघडा." तू हसलीस, पण दोरे राहिले. हळूहळू नावं मागे पडली आणि त्या एकमेकींना रंगानंच हाक मारायला लागल्या. मी कामाला यायला लागले तेव्हा मीही रंग मागितला. तू म्हणालीस, "तुला दोरा कशाला?" मला अपमान वाटला होता.

त्यानंतर परत आलेली कॉइल तू सगळ्यांना गोल बसवून फोडलीस. तो दिवस मला अजून दिसतो. तू खालच्या चटईवर बसली आहेस, कानशीनं कडा सोडवते आहेस. कागद उचलतेस, काहीतरी चिमटीत धरतेस, मूठ मिटतेस. मूठ तशीच कमरेला नेतेस आणि दोरा बटव्यात टाकतेस. "कळलं मला. चला, जेवायला बसा." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुझं स्टूल एकेकीच्या मशीनशेजारी. आज निळीजवळ, उद्या पिवळीजवळ, मग आणखी कुणाजवळ. जिची चूक होती तिला तू काय ते दाखवायचीस, पण बाकीच्यांनाही काहीतरी दाखवायचीस. त्यामुळे ती कोण हे त्या एकीखेरीज कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. मी तेव्हा कॉलेजातून नवीन शिकून आले होते. म्हटलं, मग रंगवार फळ्यावर लिहून लावू या की, आपोआप सुधारतील. तू माझ्याकडे बघितलंसही नाही. म्हणालीस, "ज्या दिवशी रंग फळ्यावर जातील ना, त्या दिवसापासून वाईट कॉइली लपायला लागतील. मग शोधत बस."

हे सगळं मला पाठ आहे. पण तुझ्या त्या मुठीबद्दल माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती तुझ्यापाशी कधी बोलले नाही. एकदा कारखान्याच्या साहेबांनीही नाव मागितलं होतं. तू म्हणालीस, "माझं लिहा." त्यांनी ते लिहिलं आणि तो सगळा हंगाम काम दिलं नाही. दोघींना घरी बसवावं लागलं. कॉइल त्या दोघींपैकी कुणाची नव्हती. नळासमोर राहायची ती हिरवी त्यातलीच एक. त्यानंतर ती आपल्या घरी हळदीकुंकवाला आली नाही. काम परत सुरू झाल्यावर तू बोलावलंस तरी ती आली नाही. दर संक्रांतीला तू वाटीत तिळगूळ घालून मला तिच्याकडे पाठवायचीस. ती दारातच वाटी घ्यायची, रिकामी करून परत द्यायची. मी आले की तू विचारायचीस, "घेतला?" घेतला. "काही म्हणाली?" नाही. मग तू पुन्हा दांडा फिरवायला लागायचीस. एकीला वाचवलंस आणि दोघींना घरी पाठवलंस, हे बरोबर होतं का, असं तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बहुतेक एक आकडा ऐकू आला असता.

आज साडेपाचला बायका निघाल्या. नव्या दोन मुली उत्तरायणाची जादा सुट्टी मागत होत्या, त्यांना म्हटलं उद्या बघू. सगळ्या गेल्यावर जांभळी मागे राहिली. तू गेलीस त्याच्या आदल्या वर्षी तू आणलेली ती शेवटची मुलगी. आता तिची मुलगी कॉलेजला जाईल एवढी झाली आहे. दाराशी उभी राहून ती चप्पल घालत होती. घातली, काढली, परत घातली. मग म्हणाली, "ताई, उद्या येऊ ना?"

मी म्हटलं, "ये की. का गं?"

"काही नाही. विचारलं आपलं."

कॉइल मी तोवर फोडलीही नव्हती.

फोडली तेव्हा वरचा कागद काळा झाला होता, पण दोरा ओळखू येत होता. जांभळाच होता. मग मी खालपर्यंत उकलत गेले. मध्यावर तारेला सांधा होता. तार तुटली होती, तिनं ती सोल्डरचा डाक देऊन जोडली होती आणि पुढे वेढे घातले होते. तार तुटली तर कॉइल टाकून द्यायची, हा तुझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. सांधा तिथेच तापतो. हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नाही. मग आत्ताच का, ते समोरच्या भिंतीवरच्या फळ्याकडे नजर गेली तेव्हा कळलं.

आई, तांबं फार महाग झालं आहे. दिवाळीनंतर मी वाया गेलेली तार रोज तोलायला सुरुवात केली. कुणाची किती गेली ते दाराजवळच्या फळ्यावर लिहायचे. नाव लिहीत नव्हते, रंग लिहीत होते. जांभळीचं मशीन जुनं आहे, तुझंच, मोटर बसवून घेतलेलं. त्यावर तार जास्त तुटते. तिचा आकडा रोज वर असायचा. पिवळी अजून कामाला येते, गुडघे धरून का होईना. ती म्हणायची, "जांभळे, तांबं खातेस की काय गं?" सगळ्या हसायच्या, जांभळीही हसायची. मीही हसले आहे. गेले तीन आठवडे तिचा आकडा एकदम खाली आला होता आणि मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. अशा सांध्यांच्या आणखी किती कॉइली बाहेर गेल्या आहेत, मला माहीत नाही. उद्या आधी त्या परत मागवायच्या. ते तर करायलाच हवं, त्या माणसाचा हात डोळ्यांसमोरून जात नाही.

राहिलं नाव. तू असतीस तर काय म्हणाली असतीस हे मला माहीत आहे आणि मी तेच म्हणणार आहे. पण तुला ते जमलं तसं मला सहज म्हणता येणार नाही. काम गेलं तर कुणाला घरी बसवावं लागेल ते मला आत्ताच माहीत आहे. सगळ्यात नव्या त्या दोघी. सुट्टी मागणाऱ्या. त्यांच्या कॉइलींत काहीही खोट नाही. पुढच्या आठवड्यात संक्रांत आहे, आणि मी त्यांच्याकडे कुणाला पाठवणार? तुला ती रिकामी वाटी बघून काय वाटायचं, हे एकदा तरी मला सांगायला हवं होतंस. काम कसं करायचं ते सगळं शिकवलंस. हे एकटीनं कसं सहन करायचं, ते मात्र स्वतःजवळ ठेवलंस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. शुक्रवारी त्याचा फोन आला की मी तो लगेच उचलणार नाही, थोडा वाजू देईन.

दोरा पाकिटात ठेवला. फळा ओल्या फडक्यानं पुसला. मग कोपऱ्यातलं तुझं स्टूल उचललं आणि जांभळीच्या मशीनशेजारी ठेवलं. तिथे दिसलं असतं तर सकाळी सगळ्यांना कळलं असतं. परत उचललं आणि दाराजवळच्या पहिल्या मशीनशी, पिवळीच्या शेजारी, नेऊन ठेवलं.