नूडल्समधलं आमसूल

प्रिय जाई,

पाकीट बघून दचकू नकोस. फोन होता की हातात, पण सध्या माझा फोनवर भरवसा नाही. तुझ्यावरही नाही. का, ते कळेलच.

गेले चार शनिवार तुझे बाबा स्वयंपाकघरात शिरताहेत. एकोणतीस वर्षं स्वतःच्या चहात साखर किती, हे मला विचारणारा माणूस! आता दार लोटून घेतात आणि वीस मिनिटांत दाण्याच्या सॉसमधले नूडल्स आणून पुढ्यात ठेवतात. पहिल्या शनिवारी मला कौतुक वाटलं. दुसऱ्या शनिवारी वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. नवरा एकाएकी सुधारला की बाईने सावध व्हावं, असं माझी आत्या म्हणायची.

मग मी लक्ष ठेवलं. सोमवारी काठोकाठ भरलेला कुटाचा डबा गुरुवारी अर्धा. बुधवारी मी महाराष्ट्र मंडळात गेले की हे लवकर घरी येऊन सराव करत असणार, कारण ओट्यावर पालथी कढई ओली सापडली. शिवाय फोन घेऊन गच्चीवर जातात. चंदीगडच्या या थंडीत, मफलरसुद्धा न घेता! विचारलं तर म्हणे लॅबचा फोन. त्यांच्या लॅबमध्ये यामिनी नावाची नवी मुलगी आलीय. दिवाळीच्या जेवणाला तिने कसलेसे नूडल्स आणले होते आणि ह्यांनी दोनदा वाढून घेतले होते. त्याच आठवड्यात बाजारात ती हसून नमस्ते जी म्हणाली, तर मी मान खाली घालून मटार निवडत राहिले. लाज वाटते सांगायला, पण ह्यांच्या शर्टाचे खिसेही तपासले. एक लवंग निघाली.

गेल्या शनिवारी मात्र पहिल्याच घासाला थांबले. लसूण नाही, सोया सॉस नाही. तुपाची फोडणी, जिरं, हिरवी मिरची, गुळाचा खडा, आणि दाताखाली आलं आमसूल. ही तर आपली उपासाची दाण्याची आमटी! पंजाबात नूडल्सना आमसूल कोण घालतं? यामिनी तर नक्कीच नाही. मनातल्या मनात त्या पोरीची माफी मागितली.

आठवतं तुला? बारा वर्षांची होतीस. महाशिवरात्रीचा उपास तुला संध्याकाळी असह्य झाला आणि उरलेल्या आमटीत तू नूडल्स उकळलेस. मी आधी धपाटा घातला, मग तुझ्याच ताटलीत जेवले. माझाही उपास मोडला. बाबा तेव्हा दौऱ्यावर होते आणि त्यांना कधी सांगायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. म्हणजे हा पदार्थ जगात दोघींनाच ठाऊक. मी तर त्यांना शिकवला नाही.

दोन वर्षं झाली, तू मोहालीचं शिक्षण अर्धवट टाकून पुण्याला बेकरी काढलीस, त्यांनी घरात तुझं नाव घेणं बंद केलं. मी चोरून गुरुवारी तुला फोन करते आणि तू साळसूदपणे विचारतेस, बाबा कसे आहेत! चोर ती चोर, वर शिरजोर. कधीपासून बोलताय गं दोघं? खूप राग आला. मग मोरीत जाऊन रडले, आणि ते रागाचं नव्हतं.

कारण मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. गर्भाशयाच्या ऑपरेशनचं मी फक्त तुला सांगितलं होतं. हे घाबरट, म्हणून मुद्दाम त्यांच्या हैदराबादच्या दौऱ्यातली चौदा तारीख घेतली. सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात एकटी जाऊन येईन म्हटलं. काल त्यांची डायरी पाहिली. हैदराबाद खोडलंय. चौदाभोवती पेन्सिलीने नुसतं वर्तुळ. म्हणजे हा माणूस ऑपरेशननंतर मला गॅसपाशी उभं राहावं लागू नये म्हणून कूट संपवतोय, आणि मला कळू नये म्हणून थंडीत कुडकुडतोय. त्यांना मी काही विचारलेलं नाही. आजही ताटली चाटूनपुसून खाल्ली. हे फोनवर सांगितलं असतं, तर तू संध्याकाळच्या आत गच्चीवर पोचवलं असतंस. भीती वाटत नाही असं तुला म्हणाले होते, ते खोटं होतं. तेरा तारखेला घरी ये. आमसुलं आण, त्यांनी संपवलीत. बेल वाजली की मी जागची उठणार नाही. दार त्यांनाच उघडू दे.

तुझीच, अजून थोडी रुसलेली,
आई